फिजिओचे दिवस संपले, पुढे काय? स्ट्रोकनंतरच्या सातव्या महिन्याविषयी

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात (स्ट्रोक) दिन येतो. त्या आठवड्यात रुग्णालयांबाहेर फलक लागतात, वर्तमानपत्रांत चौकटी येतात: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ अडखळली, तर लगेच रुग्णालय गाठा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं. पण ज्या घरात हा प्रसंग सात महिन्यांपूर्वी होऊन गेला, त्या घराचे प्रश्न त्या चौकटीत मावत नाहीत. फिजिओथेरपिस्ट म्हणालेत, ‘आता रोज यायची गरज नाही.’ काका काठी घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतात, पण मोरीत जायला कुणीतरी लागतं. उजवा हात मांडीवर पडून असतो. सांभाळायला ठेवलेल्या ब्यूरोच्या मावशींचा खर्च चालूच आहे. आणि कुणी उघड बोलत नसलं तरी घरातल्या सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं, की व्हायचं ते एवढंच झालं.

ही समजूत बरीचशी चुकीची आहे. शिवाय त्या समजुतीमुळे घरात जे होत नाही, त्यानेच पुढचं बिघडतं.

पुनर्वसन म्हणजे काय

जुन्या पुणेकरांना पुनर्वसन म्हटलं की १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. वाहून गेलेला वाडा कुणाला परत मिळाला नाही. नव्या वसाहतीत, कमी जागेत, लोकांनी संसार पुन्हा मांडला. मेंदूचंही तसंच. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं, बहुतेकदा गुठळी अडकून आणि काही वेळा रक्तवाहिनी फुटून. त्यात मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांची कामं उरलेल्या पेशींना शिकवायची, याचं नाव पुनर्वसन. उभं राहणं-चालणं फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बोलणं आणि गिळणं स्पीच थेरपिस्ट. गिळण्याचा त्रास स्पीच थेरपिस्टला दाखवायचा असतो हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

आता मेंदू हे शिकतो कसं? अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता बंद असतो, तरी पेठेत राहणारा माणूस घरी पोचतोच. बोळातून, वाड्याच्या मागच्या दाराने, वळसा घालून. दुसऱ्या दिवशी पोलीस अडथळे काढतात आणि बरीच वाहतूक आपोआप सुरळीत होते. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हेच घडतं. सूज उतरते, बधिर झालेल्या पेशी जाग्या होतात आणि हातपाय झपाट्याने सुधारताना दिसतात. पण जो पूल खरोखर पडलाय, तो अडथळे काढून उभा राहत नाही. तिथे बोळच वापरायचे. मेंदूतला बोळ वापरला तर रुंद होतो आणि वापरला नाही तर बुजतो. मेंदूच्या या वाट बदलण्याच्या गुणाला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात, आणि तो वयाच्या सत्तरीतही शाबूत असतो.

प्रश्न फक्त वर्दळीचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत थेरपीची सत्रं बसून मोजली गेली. हाताने प्रत्यक्ष काम करण्याच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला काहीशे हालचाली लागतात. म्हणजे थेरपिस्ट कितीही चांगला असो, त्याच्या तासाभरात हे गणित बसत नाही. उरलेले तेवीस तास घराच्या हातात असतात.

‘सहा महिने होऊन गेले, आता काय सुधारणार?’

हे वाक्य इतक्या तोंडून ऐकू येतं की ते नियमच वाटू लागतं. त्यामागे खरी गोष्ट एवढीच: सुधारणेचा आलेख पहिले तीन महिने चढा असतो, सहाव्या महिन्याच्या आसपास सपाट दिसू लागतो. सपाट दिसणं म्हणजे थांबणं नव्हे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. काहींचा चांगला हात जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ मोज्यात बांधून ठेवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. तो हात सुधारला, आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. त्या सगळ्यांना मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येत होती. सहा महिन्यांनंतरही ज्या पंजात कसलीच हालचाल नाही, तो पंजा पुन्हा सुईत दोरा ओवील अशी आशा कुणी पैसे घेऊन दाखवत असेल, तर सावध राहा. पण त्याच माणसाचं चालणं, तोल, दम, पलंगावरून एकट्याने उठणं, एका हाताने कामं उरकण्याची सफाई, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही सुधारू शकतं.

हात कामच विसरतो

स्ट्रोकनंतर उजवा हात चालत नाही, म्हणून माणूस डाव्याने सगळं करू लागतो. तीन महिन्यांनी उजव्या हातात थोडी शक्ती येते, पण तोवर मेंदूने त्याला हिशेबातून काढून टाकलेलं असतं. तपासताना डॉक्टरांनी सांगितलं की हात उचलला जातो. घरी तोच हात दिवसभर मांडीवर. याला ‘शिकलेला न-वापर’ म्हणतात. यावरचा उपाय स्वयंपाकघरात सापडतो.

हात फारच दुबळा असेल तर त्याला वजनाचं काम द्या: कागदावर पंजा ठेवून कागद धरणं, पोळपाट हलू नये म्हणून त्यावर हात टेकवणं, ताटाची कड दाबून ठेवणं (ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही). थोडी पकड असेल तर कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, पत्ते वाटणं, टॉवेलच्या घड्या. अर्धा किलो मटार सोलायला घेतला तर ऐंशीएक शेंगा तरी निघतात. म्हणजे वरच्या पाहणीतल्या एका सत्राच्या दुपटीहून जास्त हालचाली झाल्या, वर उसळीची सोय झाली. वेळ लागतो. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत दहा शेंगा झाल्या तर त्या मोजून वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात पंधरा करा. काम जमेल इतकं सोपं आणि चुकेल इतकं अवघड असावं; दहापैकी सात-आठ वेळा जमत असेल तर पातळी योग्य आहे.

दोन गोष्टी घरोघरी दिसतात आणि दोन्ही त्रासाच्या आहेत. पहिली, दाराला टांगलेली दोरी-कप्पी. चांगल्या हाताने दोरी ओढून दुबळा हात डोक्यावर खेचायचा, हा व्यायाम खांद्यासाठी धोक्याचा आहे. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. त्याला जागेवर धरतात ते आजूबाजूचे स्नायू. ते ढिले असताना हात वर ओढला की लिंबू बशीच्या कडेवर घासतं आणि खांदा जो दुखायला लागतो तो महिनोन्‌महिने. दुसरी, दाबायचा मऊ चेंडू. स्ट्रोकनंतर बहुतेकांना मूठ मिटायची अडचण नसते, उघडायची असते. चेंडू दाबून मिटण्याचाच सराव होतो. बोटं उघडून वाटी सोडणं, पंजा टेबलावर सपाट पसरणं, हे जास्त उपयोगाचं.

हात-पाय आवळून ताठ होणं यालाही एक नाव आहे, स्पास्टिसिटी. आपण कडकपणा म्हणू. रोजच्या ताणाने तो आटोक्यात राहतो: प्रत्येक ताण सावकाश, झटका न देता, निदान अर्धा मिनिट धरायचा. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तो वाढतो, हे नैसर्गिक आहे; व्यायाम आंघोळीनंतर घ्या. पण ऋतू न बदलता अचानक वाढला तर कारण शोधा. बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाचं नख मांसात रुतणं, कुठे झालेली जखम: शरीराला टोचणारं काहीही कडकपणा वाढवतं. फार त्रास असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. त्या तीन महिन्यांत व्यायाम केला नाही तर पैसे वाया.

प्रेमाने होणारं नुकसान

‘राहू दे, मी देते.’ या एका वाक्याने जितके बोळ बुजतात तितके कशानेच नाहीत. ते बटण लावायला चार मिनिटं घेतात आणि रिक्षा खाली उभी असते, म्हणून आपण लावून मोकळे होतो. घाई असेल त्या दिवशी लावा, त्यात पाप नाही. पण बाकीचे सहा दिवस थांबा.

कपड्यांचा नियम सोपा आहे. घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. लेंग्याची नाडी काढून इलास्टिक घाला, बुटाला वेल्क्रो.

खुर्चीतून उठणं हा घरातला सगळ्यात मोलाचा व्यायाम. खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि हात असलेली हवी. खोल सोफा नको. आधी कडेला सरकायचं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या. मग पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल, आणि दोन्ही पायांवर भार देत उठायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. चुकतं ते इथे: पाय लांब पुढे राहतात, माणूस मागे रेलूनच उठू पाहतो आणि मग मदतीला आलेल्याच्या गळ्यात हात टाकतो. मदत करणाऱ्याने दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहून कमरेचा पट्टा धरावा. दुबळा हात धरून ओढणं किंवा काखेत हात घालून उचलणं कधीच नाही. बशी आणि लिंबू आठवा.

काठी चांगल्या हातात असते, दुबळ्या नव्हे. ती मनगटाच्या रेषेइतकी उंच, कोपर थोडं वाकलेलं राहील अशी. पाऊल लोंबतं त्यांना पोटरीमागून तळव्यापर्यंत येणारं प्लास्टिकचं स्प्लिंट देतात. ते बुटात घालून वापरायचं, घरात नुसत्या स्प्लिंटवर चाललं की पाय घसरतो. काढल्यावर कातडी बघा. लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट टोचतंय, बनवणाऱ्याकडून ते दुरुस्त करून घ्या.

मोरी, उंबरठा, जिना

पडणं हा या काळातला मोठा शत्रू, आणि तो बहुतेकदा मोरीच्या दारात गाठतो. आपल्याकडची पायपुसणी आधी उचला. साधा कमोड साधारण ४० सेंटिमीटर उंच असतो. वर बसणारी दहा सेंटिमीटरची उंच सीट मिळते, तेवढ्यावरून माणूस एकट्याने उठू शकतो. धरायचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला लावा. तो लावणाऱ्याला आधी फरशी टकटक करून बघायला सांगा. फरशी पोकळ वाजली तर दांडा भार पडताच प्लगसकट बाहेर येईल. टॉवेल अडकवायचा दांडा आणि बेसिन यांवर कुणाचाही भार टाकू देऊ नका. आंघोळीला पाट किंवा चौरंग नको, पायांना रबर असलेली खुर्ची हवी. गार पाणी आधी सोडा, मग गिझरचं, आणि ते चांगल्या हाताने तपासा. दुबळ्या बाजूला स्पर्श कमी कळतो, भाजल्याचं फोड आल्यावर समजतं. शेकायच्या पिशवीचाही तोच धोका. आतून कडी नको.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. पेठांतल्या जुन्या इमारतींत कठडा एकाच बाजूला असतो आणि चढताना जो हात तो धरतो, तो उतरताना धरू शकत नाही. दुसऱ्या बाजूला कठडा लावायला सोसायटीने खळखळ केली तरी रेटा लावा. लिफ्ट असलेल्यांनीही जिन्याचा सराव सोडू नये. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

चहात बुडवलेली खारी

गिळणं बिघडलं की अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका, जेवणानंतर ओला, घरघरता आवाज, गालात राहिलेला घास, ही चिन्हं. ठसका न लागताही अन्न चुकीच्या वाटेने जाऊ शकतं, म्हणून वारंवार ताप आणि कफ झाला तर गिळण्याची तपासणी मागून घ्या. सगळ्यात अवघड जातं ते पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं: चहात बुडवलेली खारी, पातळ आमटीतला मोकळा भात, ताकातले पोहे. पातळ भाग घशात आधी पळतो, घट्ट भाग मागे राहतो. फरसाण, बाकरवडी, कोरडा चिवडा यांचे कण सुटतात. मऊ खिचडी, घट्ट वरणात कालवलेला गुरगुट्या भात, दाट दही सोपं. ताठ बसवून, टीव्ही बंद करून, छोट्या चमच्याने, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ न देता. पाणी घट्ट करायची पावडर मिळते. किती घालायची ते स्पीच थेरपिस्ट ठरवतील.

बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नाही. शब्द न सापडण्याला किंवा न उमगण्याला वाचाघात म्हणतात. गंमत अशी, की पाणी हवं हे ज्यांना सांगता येत नाही ते आरती मात्र सलग म्हणतात, पाढे म्हणतात, कधी शिवीही स्वच्छ देतात. पाठ असलेलं आणि सुरावर चालणारं बोलणं मेंदूतल्या वेगळ्या वाटेनेही येतं. तेव्हा ‘आरती येते, मग मुद्दाम बोलत नाहीत’ हा आरोप खोटा. प्रश्न ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा विचारा, एका वेळी एकच, आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांबा. ओरडू नका, कान ठीक आहेत.

ताटातली डावी बाजू

काहींना चष्म्याने न सुटणारा दोष राहतो: दृष्टीचा अर्धा भाग जातो किंवा एका बाजूकडे मेंदूचं लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहते, दाढी अर्धी होते, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. यांना दुचाकी-चारचाकी देऊ नये, ते कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणोत. फिट येऊन गेली असेल तरी गाडी बंद. बाकीच्यांनी न्यूरोलॉजिस्टची परवानगी आणि डोळ्यांच्या क्षेत्राची तपासणी झाल्याशिवाय चावी मागू नये.

थकवा, रडू आणि राग

सकाळी पेपर वाचून होतो आणि अकरा वाजता माणूस गळून जातो. हा आळस नव्हे. वळशाच्या वाटेने काम करायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. अवघड काम सकाळी ठेवा, दोन कामांच्या मध्ये विश्रांती. एक ते चार दुकान बंद ठेवायच्या पुणेरी पद्धतीची कितीही थट्टा झालेली असो, स्ट्रोकनंतर ती चक्क औषधी आहे; फक्त झोप तासाभराची असावी, नाहीतर रात्र जागून काढतात.

स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. व्यायामाला नकार, जेवणात रस नाही, ‘कशाला जगवता’ अशी भाषा दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगा. औषधाने फरक पडतो आणि व्यायामही पुन्हा सुरू होतो. क्षुल्लक गोष्टीवर रडू किंवा हसू फुटणं हे मात्र वेगळं: भावनेवरचा लगाम सुटलेला असतो. विषय बदला, सांत्वनाचा गराडा घालू नका.

नवराबायकोच्या जवळिकीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो: रक्तदाब आटोक्यात असेल तर बहुतेकांना ती सुरक्षित आहे. त्यासाठीची गोळी मात्र मनाने घेऊ नये.

‘आता बरं आहे, मग गोळ्या किती दिवस?’

बहुतेकांना कायम. साधारण चार स्ट्रोकपैकी एक हा आधी झालेल्यालाच पुन्हा झालेला असतो, आणि दुसरा पहिल्याची कमाई पुसून नेतो. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची अशा तीन गोळ्या बहुतेकांना असतात. रक्तस्राव होऊन स्ट्रोक झालेल्यांचं औषध वेगळं, म्हणून शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरून काही ठरवू नका. दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करणं ही नेहमीची चूक. आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, तिचं प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं.

रक्तदाबाचं लक्ष्य बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली. घरी मोजताना पाच मिनिटं टेकून बसावं, चांगल्या हाताला पट्टा बांधावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. डॉक्टरकडे जाण्याआधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात पापड, लोणचं, पावही मोजायचे.

‘गावाकडच्या औषधाने अमक्याचा लकवा आठ दिवसांत गेला’ हेही ऐकू येतं. बोलीभाषेत लकवा दोन आजारांना म्हणतात. एक स्ट्रोक. दुसऱ्यात चेहऱ्याची नस सुजून नुसतं तोंड वाकडं होतं, तो आजार बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो, आणि श्रेय ज्याने त्या काळात तेल दिलं त्याला मिळतं. मालिश करून बरं वाटत असेल तर करा, हलक्या हाताने. खांदा मोडून ‘बसवणारा’ नको आणि गोळ्या बंद करायला सांगणारा तर नकोच.

नवी कमजोरी, नवा अडखळा दिसला तर वेळ घड्याळात बघून लिहा आणि १०८ ला फोन करा. ‘जुनंच असेल’ म्हणून रात्र काढू नका. चोवीस तास सीटी स्कॅन होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच ठरवून फ्रिजवर चिकटवा.

‘मग रोबोटवाल्या सेंटरला घालू का?’

ऐपत असेल आणि मन होत असेल तर हरकत नाही, पण घर गहाण ठेवून नको. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०१९) रोबोटने हाताचा व्यायाम घेतलेल्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी झाला नाही. चालण्याबाबत, २०११ साली ४०८ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत पट्ट्याने उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलइतकाच फायदा घरी येऊन थेरपिस्टने घेतलेल्या ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामाने झाला. यंत्र चांगलं असतं ते हालचाली भरपूर करून घेतं म्हणून.

‘मग थेरपिस्टचीच काय गरज? आम्हीच करून घेऊ’

हा प्रश्न भारतातच तपासला गेलाय. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करायला लावलं. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतल्या परावलंबनात फरक दिसला नाही. यातून घरचे निरुपयोगी आहेत असं निघत नाही. एकदा शिकवून सोडून दिलेला नातेवाईक थेरपिस्टची जागा घेत नाही, एवढं मात्र निघतं. व्यायाम महिन्याने सोपा होतो आणि कुणीतरी तो अवघड करून द्यावा लागतो. सातव्या महिन्यानंतरचा आमचा सल्ला: रोजचं काम घराने करावं आणि दोन-तीन महिन्यांनी थेरपिस्टकडे जाऊन एक सत्र फक्त तपासणीसाठी घ्यावं. जाताना वही न्या. न थांबता किती मिनिटं चाललो, किती वेळा उठलो, किती शेंगा.

सही जुळत नाही, तेव्हा

उजवा हात गेला की बँकेत सही जुळत नाही. पेन्शनरांच्या या गावात ही अडचण दर महिन्याला येते. डाव्या हाताची नवी सही नोंदवता येते. तीही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना घरपोच बँकसेवा मागता येते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, रांगेत उभं राहायला नको.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र सुधारणा स्थिरावल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर काढतात. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा, तपासणी पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा अहवाल न विसरता न्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर बहुतेक सवलती लागू होतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. नव्या पद्धतीत नाही. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीवरून काढता किंवा पद खाली आणता येत नाही. खासगी नोकरीत हे कवच नाही. तिथे अर्ध्या वेळेपासून सुरुवात करायची लेखी विनंती डॉक्टरांच्या पत्रासह करणं हा व्यवहार्य मार्ग.

बाहेर पडताना

पहिला टप्पा इमारतीचा पोर्च, दुसरा सोसायटीची फेरी, तिसरा बाग. सारसबागेत सकाळी आठनंतर जा, त्याआधी पळणाऱ्यांची गर्दी असते आणि धक्का लागायच्या भीतीनेच माणूस परत फिरतो. फुटपाथपेक्षा सपाट अंगणात वीस मिनिटं बरी. आपले फुटपाथ चांगल्या पायांनाही दगा देतात. चालताना सोबत्याने गप्पा मारू नयेत, सुरुवातीला लक्ष एकाच कामात पुरतं. गप्पा मारत चालणं जमू लागलं की तोल सुधारला असं समजा. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, त्यामुळे बसच्या पायऱ्यांपेक्षा ती सोपी पडते. पहिल्यांदा दुपारी बारा ते तीनच्या मध्ये न्या, एक स्थानक जाऊन परत या, आणि गाडी थांबेपर्यंत उठायचं नाही हे आधीच ठरवून घ्या.